हानाको नावाची हत्तीण आणि म्हातारपणची सोबत

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत हत्तींची काही कमी नाही. झेलमच्या काठी पोरसाचे हत्ती, पानिपतच्या पहिल्या लढाईत इब्राहिम लोदीचे हत्ती, आणि १६७४ साली राज्याभिषेकाला आलेला हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर हत्ती पाहून चकित झाला तो प्रसंग. चौतीस वर्षं हे सगळं मी वर्गात शिकवलं. "बाई, एवढ्या उंचावर हत्ती चढवले कसे?" हा प्रश्न दरवर्षी ठरलेला. पिल्लं असतानाच वर नेले असावेत असं म्हणतात, हे माझं उत्तरही ठरलेलं. एका वर्षी मात्र मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मग म्हातारे झाल्यावर ते खाली कसे आले?" वर्ग खो खो हसला. मला काही हसू आलं नाही, कारण याचं उत्तर कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

बहुधा ते खाली आलेच नसतील. जनावर कामाचं असेपर्यंतच कागदावर त्याची नोंद. लढाई, मिरवणूक, नजराणा... एवढं झालं की त्याचं नाव पुसलं जातं. म्हणून एखाद्या जनावराच्या म्हातारपणाचीही नीट हकीकत मिळाली, की मला ती फार मोलाची वाटते. अशीच एक हकीकत गेल्या वर्षी हाती लागली. माझी भाची नवऱ्याच्या नोकरीमुळे टोकियोत असते. तिथल्या किचिजोजी नावाच्या स्टेशनसमोर एका हत्तिणीचा पुतळा आहे. तिने फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "मावशी, हिची गोष्ट तुला आवडेल." आवडली म्हणवत नाही, पण सोडवतही नाही. आज तीच सांगते. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा!

गोष्ट सुरू होते १९४३ मध्ये. दुसरं महायुद्ध चालू होतं. टोकियोवर अजून मोठे बाँबहल्ले सुरू व्हायचे होते. पण बाँब पडले आणि पिंजरे फुटले तर हिंस्र प्राणी शहरात मोकाट सुटतील, असं कारण देऊन ऑगस्टमध्ये तिथल्या गव्हर्नरने हुकूम काढला, की उएनोच्या प्राणिसंग्रहालयातले धोकादायक प्राणी मारून टाका. सिंह, वाघ, बिबटे, अस्वलं गेली. उरले तीन हत्ती. जॉन, टोंकी आणि वानली. वानलीचं तिथलं लाडकं नाव हानाको. हाना म्हणजे फूल. आपल्याकडे मुलीला फुला म्हणावं तसं हे जपानी मुलीचं अगदी घरगुती नाव.

विष घातलेले बटाटे दिले तर हत्तींनी ते ओळखून बाजूला टाकले. जाड कातडीत सुया शिरेनात. शेवटी त्यांना उपाशी ठेवायचं ठरलं. माणूस जवळ आला की हे हत्ती शिकवलेल्या कसरती करून दाखवायचे. पूर्वी कसरत केली की खाऊ मिळत असे ना! ४ सप्टेंबरला मेलेल्या प्राण्यांसाठी रीतसर श्राद्धासारखा विधी झाला, तेव्हा दोन हत्ती पडद्याआड अजून जिवंत होते. शेवटची टोंकी गेली २३ सप्टेंबरला. जपानमध्ये पुढे यावर मुलांचं चित्रांचं पुस्तक निघालं आणि शाळाशाळांतून ही गोष्ट सांगितली जाऊ लागली. आपल्याकडे हिरोशिमाचा धडा असतो, ही गोष्ट नसते.

याच युद्धात नागोया शहरातल्या हिगाशियामा प्राणिसंग्रहालयात दोन हत्तिणी वाचल्या. माकानी आणि एल्दो. दोघी मूळच्या सर्कशीतल्या. १९३७ साली चार हत्ती एकदम सर्कशीकडून घेतले होते, त्यातले दोन युद्धकाळात गेले. तिथले संचालक किताओ यांनी खटपटी लटपटी करून या दोघींना जगवलं. युद्ध संपलं तेव्हा सबंध जपानात प्राणिसंग्रहालयातले हत्ती जवळजवळ राहिलेच नव्हते.

१९४९ मध्ये टोकियोच्या मुलांनी मागणी केली, की नागोयाकडे दोन आहेत तर एक आम्हाला द्या. दोन मुलं प्रतिनिधी म्हणून नागोयाला गेली. त्या भेटीची हकीकत अशी सांगतात, की किताओ यांनी मुलांच्या समोर दोघींना वेगळं करायचा प्रयत्न करून दाखवला. त्या दोघींनी असा आकांत मांडला, दारांवर अशी डोकी आपटली, की मुलांनी आपणहून मागणी मागे घेतली. मग उलटंच ठरलं. हत्ती टोकियोला जायचे नाहीत, मुलांनीच हत्तींकडे जायचं! त्यासाठी खास आगगाड्या सुटल्या. 'हत्तीगाडी' म्हणून जपानात त्या अजून प्रसिद्ध आहेत. माकानी आणि एल्दो पुढे १९६३ पर्यंत एकमेकींच्या सोबतीने राहिल्या आणि त्याच वर्षी, काही महिन्यांच्या अंतराने, दोघी गेल्या.

मला या हकिकतीत किताओंचं कौतुक वाटतं ते यासाठी, की त्या काळात प्राण्यांच्या मानसशास्त्राची पुस्तकं काही कुणाच्या टेबलावर नव्हती. युद्धाने होरपळलेला देश, खायची भ्रांत. तरी दोन हत्तिणींना एकमेकींची गरज आहे ही गोष्ट एका माणसाने नुसती ओळखली नाही, तर लहान मुलांना डोळ्यांनी दाखवली. आणि मुलांना ती कळलीसुद्धा.

आता आपल्या देशाचा संबंध येतो. टोकियोच्या मुलांनी भारताच्या पंतप्रधानांना पत्रं लिहिली, चित्रं काढून पाठवली. आम्हाला हत्ती द्या. पंडित नेहरूंनी म्हैसूरकडची पंधरा वर्षांची एक हत्तीण निवडून पाठवली आणि तिला आपल्या मुलीचं नाव दिलं, इंदिरा. सोबतच्या पत्रात त्यांनी मुलांना कळवलं होतं, की ही भेट माझी नाही, भारतातल्या मुलांनी जपानच्या मुलांना दिलेली आहे. सप्टेंबर १९४९ मध्ये इंदिरा टोकियोला पोहोचली. तिला कानडीतल्या आज्ञाच तेवढ्या कळत. म्हणून बरोबर गेलेल्या माहुतांनी तिथल्या रखवालदारांना त्या शिकवल्या. जपानी माणसं हत्तिणीशी कानडीत बोलताहेत हे चित्र डोळ्यांसमोर आणून बघा! दुसऱ्या वर्षी तिला जपानभर फिरवलं. गावोगावी लोकांनी गर्दी केली. १९८३ च्या ऑगस्टमध्ये ती गेली, तेव्हा ती ४९ वर्षांची होती. मग १९८४ साली भारताने आशा आणि दया अशा दोन हत्तिणी उएनोला पाठवल्या. या वेळी एक नाही, दोन. हे मुद्दाम केलं की सहज झालं कोण जाणे, पण मला बरं वाटलं.

पण पुतळा इंदिरेचा नाही. इंदिरा पोहोचायच्या तीनेक आठवडे आधी थायलंडहून एक अडीच वर्षांचं पिल्लू उएनोत आलं होतं. उपाशी मारलेल्या हानाकोची आठवण म्हणून मुलांनी या पिल्लालाही तेच नाव दिलं. इंदिरा आणि ही छोटी हानाको अशा दोघी एकाच बागेत साडेचार वर्षं होत्या. टोकियोच्या पश्चिमेकडच्या वस्तीतल्या लोकांनी आम्हालाही हत्ती हवा म्हणून जोर धरला, तेव्हा मार्च १९५४ मध्ये सात वर्षांच्या हानाकोला तिकडच्या इनोकाशिरा बागेत हलवलं. त्यानंतर ६२ वर्षं तिने दुसरा हत्ती पाहिला नाही.

६२ वर्षं! आमच्या पिढीतल्या माणसाची सबंध कर्ती हयात. १९५४ साली माझं अजून पाटीवर अक्षर उमटलं नव्हतं. मी शिकले, नोकरी केली, संसार केला, निवृत्त झाले, नातवंडं कॉलेजात गेली, तोवर ही बाई काँक्रीटच्या एका आवारात एकटी उभी.

हत्तीण एकटी असणं म्हणजे काय हे समजून घ्यायला हवं. वाघ, बिबट्या हे एकांतातले प्राणी. हत्तिणींचं तसं नाही. रानात आई, मुली, मावश्या, नाती असा माहेरवाशिणींचाच कळप असतो. नर वयात आले की बाहेर पडतात, मादी जन्मभर कळपात राहते. कळपाची पुढारी बहुतेक वेळा वयाने मोठी हत्तीण. दुष्काळात पाणी कुठे सापडेल, कुठल्या वाटेला धोका आहे, हे तिच्या स्मरणात असतं. म्हणजे हत्तिणीचं म्हातारपण हे कळपात सर्वांत मानाचं वय. प्राणिसंग्रहालयात नेमकं उलट होतं. तिथे मान पिल्लाला. त्याचं बारसं होतं, फोटो छापून येतात, शाळांच्या सहली येतात. ते म्हातारं झालं की पाटीवरचं नाव तेवढं राहतं.

याचं मूळ या बागांच्या जन्मात आहे असं मला वाटतं. १८२८ साली लंडनचं प्राणिसंग्रहालय सुरू झालं, तेव्हा आणि पुढे बरीच वर्षं कल्पना अशी होती, की जगातले नाना तऱ्हेचे प्राणी एके ठिकाणी गोळा करायचे. पोस्टाच्या तिकिटांच्या वहीत प्रत्येक देशाचं एक तिकीट असावं तसं. संग्रह पुरा असणं महत्त्वाचं. वहीतल्या तिकिटाला काही शेजार लागत नाही! आमच्या लहानपणची राणीची बाग अशीच होती, आणि १९५३ साली सुरू झालेला पुण्याचा पेशवे पार्कही. शाळेची सहल घेऊन मी कितीदा तरी पेशवे पार्कात गेले. फुलराणीत बसायचं, हत्ती बघायचा, भेळ खायची आणि बसमध्ये डोकी मोजायची. हा हत्ती रात्री कुणाजवळ झोपतो, हे आमच्यापैकी कुणाच्या मनातसुद्धा यायचं नाही.

असो. हानाकोकडे वळू.

१९५६ मध्ये रात्रीच्या वेळी एक दारू प्यालेला माणूस तिच्या घरात शिरला आणि तिच्या पायाखाली मेला. १९६० मध्ये तिचा रखवालदारही तिच्याकडून मारला गेला. मग काय, खुनी हत्तीण असा शिक्का बसला. लोक दगड मारायचे. पायांत साखळदंड घालून तिला अंधारात डांबलं. ती वाळून पार हाडांचा सांगाडा झाली.

त्याच वर्षी यामाकावा सेइझो नावाचे रखवालदार तिच्यासाठी नेमले गेले. त्यांनी आल्यावर काही दिवसांतच पहिली गोष्ट केली ती साखळी काढायची. ज्या हत्तिणीने नुकताच माणूस मारला तिची! मग रोज जवळ जायचं, बोलायचं, हात पुढे करायचा, तिने झिडकारलं की मागे सरायचं. तिचा विश्वास परत बसायला वर्षं लागली. यामाकावांनी सुमारे तीस वर्षं तिला सांभाळलं. पुढे त्यांच्या मुलानेही त्याच बागेत नोकरी धरली आणि तिची देखभाल केली. एका घरातल्या दोन पिढ्या एका हत्तिणीपायी खर्ची पडल्या म्हणायच्या.

१९८० नंतर तिच्या दातांचं दुखणं सुरू झालं. हत्तीला आयुष्यभरात दाढांचे सहा संच येतात. एक झिजला की मागून दुसरा पुढे सरकतो. सहावा झिजला की संपलं. रानात म्हातारा हत्ती बऱ्याच वेळा रोगाने नाही, तर चावता येत नाही म्हणून उपाशी मरतो. हानाकोच्या तोंडात शेवटी एकच दाढ राहिली. यामाकावांनी तिचं खाणं बारीक चिरून, मऊ करून, गोळे बांधून द्यायला सुरुवात केली. केळी सोलून द्यायची. घरात कवळीवालं माणूस असलं की आपण भाकरी दुधात कुस्करून देतो, तोच प्रकार. फक्त इथे पातेलं हत्तीच्या मापाचं! त्या एका दाढेवर ती आणखी तीस-बत्तीस वर्षं जगली. ओदावारा गावातली उमेको नावाची हत्तीण २००९ मध्ये ६२ व्या वर्षी गेली होती. तो जपानमधला विक्रम हानाकोने मोडला.

२०१५ च्या सुमारास परदेशातून आलेल्या एका पाहुण्या बाईने हानाकोला पाहून इंटरनेटवर लिहिलं, की काँक्रीटच्या कोठडीत एक म्हातारी हत्तीण एकटी उभी आहे. फोटो जगभर गेले. लाखो लोकांनी सह्या केल्या, की तिला थायलंडमधल्या हत्तींच्या आश्रयस्थानात पाठवा, तिला तिची माणसं, म्हणजे तिचे हत्ती, मिळू द्या. बागेचं म्हणणं, की ती ६८-६९ वर्षांची आहे, प्रवास झेपणार नाही. दुसऱ्या हत्तींची तिला सवयच उरलेली नाही. तिची सगळी भिस्त तिच्या रखवालदारांवर आहे. इकडचे लोक म्हणाले, ही पळवाट आहे. तिकडचे म्हणाले, तुम्हाला आमच्या हानाकोबद्दल काय ठाऊक?

मग कॅरोल बकली नावाच्या अमेरिकन बाई, ज्यांनी आयुष्यभर बंदिवासातल्या हत्तींचंच काम केलं आहे, २०१६ च्या सुरुवातीला तिला बघायला गेल्या. त्यांचा निर्वाळा काय, तर हिला आता हलवू नका. आहे तिथेच तिचे दिवस सुखाचे करा. म्हणजे हत्तींच्या बाजूचं माणूसच म्हणालं, की उशीर झाला. २६ मे २०१६ ला सकाळी हानाको खाली पडलेली दिसली. एवढं धूड एका कुशीवर पडून राहिलं की स्वतःच्याच वजनाखाली फुप्फुसं दबतात. लोकांनी तिला उठवायची शिकस्त केली. दुपारी ती गेली. वय ६९. बागेने नंतर दुसरा हत्ती आणला नाही. पुढच्या वर्षी मे महिन्यात स्टेशनसमोर पुतळा उभा राहिला.

हे वाचताना मला आमच्या सासूबाई आठवत होत्या. सासरे गेल्यावर आम्ही त्यांना वाईहून पुण्याला आमच्या ब्लॉकमध्ये आणलं. तेव्हा त्या ७१ वर्षांच्या होत्या. त्यांना वाईत एकटं ठेवणं शक्यच नव्हतं, आणि आणलं ते बरोबरच केलं असं मी आजही म्हणेन. घरात मुलगा, सून, नातवंडं, औषधपाणी, कशाला कमी नव्हतं. तरी त्या गॅलरीत बसायच्या आणि म्हणायच्या, "इथं बोलायला कुणी नाही गं." मला राग यायचा. आम्ही सहा माणसं काय भिंती आहोत? मग खालच्या मजल्यावर एका बिऱ्हाडात कऱ्हाडकडच्या एक आजी आल्या. दुपारी दोघी जिन्यापाशी खुर्च्या टाकून बसायच्या. बोलणं असं फार नाहीच. "वांगी कशी दिलीन?" "महागच." मग पंधरा मिनिटं गप्प. सासूबाईंची भूक वाढली, झोप सुधारली. त्यांना माणसं होती, पण त्यांच्या जातकुळीचं, त्यांच्या वयाचं, त्यांच्यासारखं ऐकू कमी येणारं कुणी नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ होता. प्रेम आणि सोबत या दोन वस्तू वेगळ्या आहेत, हे मला तेव्हा त्या जिन्यापाशी कळलं.

यामाकावांनी हानाकोला दिलं ते पहिल्या प्रकारात मोडतं, आणि ते इतकं दिलं, की ती ६९ वर्षं जगली. दुसऱ्या प्रकारचं ते देऊच शकत नव्हते. त्यांना सोंड कुठे होती!

आता कुणी म्हणेल, मग हलवणं नेहमीच वाईट का? तसं नाही. शेजारचंच उदाहरण घ्या. १९८५ मध्ये श्रीलंकेने पाकिस्तानला कावन नावाचं हत्तीचं पिल्लू भेट दिलं. इस्लामाबादच्या प्राणिसंग्रहालयात त्याला पुढे सहेली नावाची हत्तीण सोबतीला मिळाली. ती २०१२ मध्ये गेली आणि कावन एकटा पडला. तासन्‌तास डोकं हलवत उभा राहायचा. प्रकरण कोर्टात गेलं आणि मे २०२० मध्ये इस्लामाबादच्या हायकोर्टाने त्याला हलवायचा हुकूम दिला. कोरोनाच्या त्या वर्षात, नोव्हेंबरच्या अखेरीला, विमानाने त्याला कंबोडियाला नेलं. तिथे कुंपणापलीकडच्या एका हत्तीने सोंड पुढे केली आणि कावनने तिला सोंड लावली. तो फोटो तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. तेव्हा कावन होता पस्तिशीचा. हानाको होती सत्तरीला टेकलेली. उपाय तोच, पण एकाला वेळेवर मिळाला आणि दुसरीच्या दारी तीस-चाळीस वर्षं उशिरा पोहोचला.

दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयातला शंकर आठवतो का? झिंबाब्वेने १९९८ साली आफ्रिकन हत्तींची दोन पिल्लं भारताला दिली. नराचं नाव माजी राष्ट्रपती शंकर दयाळ शर्मांवरून शंकर ठेवलं, मादी बंबई. बंबई काही वर्षांतच गेली. शंकर त्यानंतर जोडीदाराविना राहिला. त्याच्यासाठीही कोर्टकचेऱ्या झाल्या, सह्या झाल्या. १७ सप्टेंबर २०२५ ला तो गेला, अवघ्या २९ व्या वर्षी. त्याच्या वाट्याला म्हातारपणसुद्धा आलं नाही.

मग आपला कायदा काय म्हणतो ते मी शोधलं. १९९१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती झाली आणि १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झालं. त्याच वर्षी नियमही आले. त्या १९९२ च्या नियमांत एक नियम असा होता, की कुठल्याही प्राण्याला जोडीदाराशिवाय एक वर्षापेक्षा जास्त ठेवू नये. जोडीदार मिळत नसेल तर त्याला दुसरीकडे हलवावं. वाचून मन भरून आलं. पुढची अट वाचली आणि चष्मा पुसून पुन्हा वाचली. तसंच सबळ कारण असेल, किंवा प्राण्याचं वय उलटून गेलेलं असेल आणि पैदाशीला तो उपयोगी नसेल, तर हा नियम लागू नव्हता!

नियम करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. दुर्मिळ प्राण्यांची संख्या वाढावी, एकट्यादुकट्या प्राण्याने जागा अडवू नये, असा तो व्यवहारी विचार. शिवाय वाघासारख्या प्राण्याला म्हातारपणी नवा जोडीदार आणून दिला तर मारामारीच व्हायची, हेही खरं. पण हत्ती, माकडं, पोपट यांच्यासारख्या कळपातल्या जिवांनाही तोच नियम? सोबत ही फक्त पिल्लं होण्यापुरती, असा त्याचा सरळ अर्थ निघत होता. हे कागदावर वाचलं आणि मला जिन्यापाशी बसलेल्या त्या दोघी आठवल्या. या नियमाप्रमाणे त्यांना खुर्च्या मिळाल्या नसत्या.

नोव्हेंबर २००९ मध्ये प्राधिकरणाने आणखी एक पाऊल टाकलं. प्राणिसंग्रहालयातल्या हत्तींना जंगलखात्याच्या हत्ती-कॅम्पांत हलवा, असं सांगितलं. त्यामागे जागेचा विचार होता आणि कळपाचाही. अंमलबजावणी सगळीकडे सारखी झाली नाही. शंकरचंच उदाहरण पुरे आहे.

मला काही प्राणिशास्त्र येत नाही. मराठी माध्यमात बी. ए. झालेली, इतिहास शिकवणारी बाई मी. पण चार गोष्टी साध्या डोळ्यांनीही दिसतात. ज्याला कळप लागतो त्याला तरुणपणीच सोबत द्यावी, आणि ती मोडू नये. माकानी-एल्दोसारखी जोडी असेल तर ती मोडून दुसऱ्या बागेचा रिकामा पिंजरा भरू नये. जिथे एकच उरला आहे आणि प्रवास झेपण्यासारखा आहे तिथे वेळेवर हलवावं, सत्तरीची वाट बघू नये. आणि जिथे खरंच उशीर झालेला आहे, तिथे पायाखाली मऊ माती, तोंडात चावता येईल असा घास आणि रोज तेच ओळखीचं माणूस. या शेवटच्यासाठी माणूस बदलीवर न पाठवणं एवढं तरी सरकारी खात्याला जमायला हरकत नाही.

माझी मुलं हल्ली मला बंगलोरला बोलावताहेत. "आई, एकटी किती दिवस राहशील?" त्यांचं बरोबर आहे. माझी तब्येत आज प्रवास झेपेल अशी आहे, पाच वर्षांनी असेल असं नाही. पण इथे संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर आम्ही पाचजणी बसतो. एकीला गुडघे, एकीला साखर, एकीला ऐकू येत नाही. तिकडे माया भरपूर मिळेल, बाकाचं काय ते आधी बघायला हवं. म्हणून मी मुलाला सांगितलंय, की तुझ्या घराजवळ कानडी का असेना, माझ्या वयाच्या दोन-तीन बायका कुठे बसतात ते शोधून ठेव, मग बोलू. तो हसला. पण सुनेने खरोखरच शोध सुरू केलाय! कानडी शिकायला मात्र मला इंदिरेचे माहूत गाठावे लागणार.

नातवंडांना घेऊन एखाद्या प्राणिसंग्रहालयात गेलात, तर पिल्लांच्या पिंजऱ्यासमोरची गर्दी सोडून जरा पुढे जा. कोपऱ्यातला म्हातारा प्राणी बघा आणि रखवालदाराला विचारा, याचं वय काय, याच्याबरोबर कोण असतं. ही माणसं फार थोडा पगार घेऊन ही कामं करतात आणि त्यांना असं विचारणारं सहसा कुणी भेटत नाही. पेशवे पार्क किंवा राणीच्या बागेतल्या हत्तींच्या आठवणी कुणाजवळ असतील, विशेषतः त्यांच्या म्हातारपणाच्या, तर मला जरूर लिहून पाठवा. आमच्या नात्यातल्या मंडळींपैकी कुणी तरी त्या हत्तीवर बसलेलं असणारच. फोटो असेल तर उत्तम. मागे साल लिहिलेलं असेल तर फारच उत्तम.